‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी



एका चुकीच्या कबुलीने प्रारंभ करतो. कोकणातील ज्या मशिदीत मी इमामत करतो, तेथे पंचाहत्तरी ओलांडलेले एक चाचा वर्षानुवर्षे पहिल्या सफमध्ये उजव्या टोकाला उभे राहतात. दोनेक वर्षांपासून त्यांच्या नमाजमध्ये एक विचित्र गोष्ट दिसू लागली. सारी जमात सजद्यातून उठून बसे आणि चाचा मात्र तसेच सजद्यात असत. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी सजद्याची आयत आली की आम्ही थेट सजद्यात जात असू आणि चाचा रुकूत वाकत. मुले हसत. कुणी म्हणे, चाचांना सजद्यात झोप लागते. मलाही तेच खरे वाटले. एका जुम्याला इमामाच्या अनुसरणाचे मसाइल सांगताना माझी नजर त्यांच्याकडे वळली आणि माझ्यामागोमाग इतरांचीही वळली. चाचा माझ्याकडे पाहत शांतपणे मान डोलावत होते.

त्यांना माझे बोलणे ऐकूच येत नव्हते.

हे उघडकीस आणले ते त्यांच्या नातीने. ती परिचारिकेचे शिक्षण घेते. सुटीत घरी आली असताना आजोबांच्या पाठीमागे उभी राहून तिने हळूच चार आकडे उच्चारले. आजोबा वळलेही नाहीत. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी कानाच्या तज्ज्ञांनी दोन्ही कानांतला साचलेला मळ काढला, श्रवणाची चाचणी केली आणि दोन्ही कानांचे ऐकणे बरेच उणावल्याचे निदान केले. मग मला उमगले. कियाम आणि रुकूत माणसाला शेजारच्याची हालचाल दिसते. सजद्यात कपाळ जमिनीला टेकलेले असते, तेथे केवळ कानावर येणारी तकबीरच त्याला उठवते. बारा वर्षे नमाज पढवणाऱ्या इमामाला एवढी साधी गोष्ट सुचू नये, याची मला आजही लाज वाटते. चाचांची मी माफी मागितली. परंतु त्या जुम्याला ज्या माना त्यांच्याकडे वळल्या, त्या मला मागे घेता आल्या नाहीत.

वाचकहो, आपल्या घरांत ‘आता वय झाले’ हे वाक्य दिवसातून किती वेळा उच्चारले जाते? अब्बांना वर्तमानपत्र वाचता येत नाही, वय झाले. अम्मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर अडखळतात, वय झाले. दादी हाक मारली तरी ‘ओ’ देत नाहीत, वय झाले. हे वाक्य समंजस वाटते. प्रत्यक्षात ते चौकशीचे दार बंद करते. प्रेषित मुहम्मद (स.) यांना काही ग्रामीण अरबांनी विचारले की, आम्ही औषधोपचार करावा काय? हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्या रिवायतीत प्रेषितांच्या उत्तराचा आशय असा आहे की, उपचार अवश्य करा, अल्लाहने एका गोष्टीवाचून प्रत्येक आजारासोबत त्याचे औषध ठेवले आहे, ती एक गोष्ट म्हणजे वार्धक्य. या हदीसचा आपण बहुधा उलटा अर्थ घेतो आणि म्हातारपणाला औषध नाही म्हणून स्वस्थ बसतो. हदीस तर म्हातारपण आणि आजार यांना वेगवेगळे करून दाखवते. मोतीबिंदू हा म्हातारपणी होतो, पण तो म्हातारपण नव्हे. कानात साचलेला मळ म्हातारपण नव्हे. चुकीच्या नंबरचा जुना चष्मा तर आजारसुद्धा नव्हे. ज्याला औषध आहे त्याला ‘वय’ असे नाव देऊन आपण त्या एकमेव अपवादात ढकलतो आणि मोकळे होतो.

सूरह यूसुफमध्ये या संदर्भात विचार करण्याजोगा प्रसंग आहे. पुत्रवियोगाच्या दुःखाने हजरत याकूब (अ.) यांची दृष्टी गेलेली आहे. यूसुफ (अ.) यांचा सदरा घेऊन काफिला निघतो आणि दूरवर बसलेले वृद्ध पिता म्हणतात की, मला यूसुफचा सुगंध येतो आहे, तुम्ही मला म्हातारचळ लागला असे समजणार नसाल तर! भोवतालचे लोक नेमके तेच समजतात. त्यांच्या मते वडील आपल्या जुन्याच भ्रमात आहेत. घरात सत्य ठाऊक असलेला तो एकटा माणूस होता आणि घरच्यांनी त्यालाच बुद्धिभ्रंश झाला असे ठरवले. आजही ज्याला नीट ऐकू येत नाही त्याच्या असंबद्ध उत्तराला आपण विसराळूपणा म्हणतो. ज्याला दिसत नाही म्हणून जो घराबाहेर पडत नाही, त्याला हेकट म्हणतो. आणि ही चूक पुढे खरीही होऊ शकते. स्मृतिभ्रंशाविषयी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले. त्यांत ऐकण्यातील घट आहे आणि उपचार न केलेली दृष्टिहानीही आहे. संभाषणातून बाहेर पडलेला माणूस हळूहळू आपल्या विचारांतूनही एकाकी होत जातो.

सूरह बनी इस्राईलमध्ये माता-पित्यांपैकी कुणी वार्धक्याला पोहोचले तर त्यांना ‘उफ्’ देखील न म्हणण्याची आज्ञा आहे. हे ‘उफ्’ आपल्या तोंडून कधी निघते, याचा मी विचार केला. माझ्या निरीक्षणात ते बहुधा तिसऱ्यांदा तेच वाक्य सांगावे लागते तेव्हा निघते. ‘किती वेळा सांगायचे!’ या उद्गारात ते दडलेले असते. वृद्ध व्यक्तीला शब्द समजला नसला तरी चेहऱ्यावरचा त्रागा स्पष्ट कळतो. मग ती विचारणे थांबवते, आणि आपल्याला वाटते की घर शांत झाले.

वयोमानाने ऐकणे कमी होते तेव्हा सर्व आवाज एकदम लहान होत नाहीत. आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात, स्त्रियांचा आणि मुलांचा आवाज अस्पष्ट होतो. त्यामुळे माणूस म्हणतो, ‘आवाज येतो, पण काय बोलता ते कळत नाही.’ अशा वेळी ओरडण्याचा उपयोग होत नाही. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीच्या पुढील चार व्यक्तींपैकी एकाहून अधिक व्यक्तींच्या ऐकण्यात अडचण निर्माण करण्याइतकी घट असते. पन्नाशीनंतर ६४ व्या वर्षापर्यंत दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर एक ते तीन वर्षांनी ऐकण्याची तपासणी व्हावी, असा तिचा सल्ला आहे. श्रवणयंत्र जितके उशिरा लावावे तितकी त्याची सवय होणे कठीण जाते.

डोळ्यांच्या बाबतीत दोन नावे नीट लक्षात ठेवा, कारण लोक त्यांची गल्लत करतात. आपल्या देशात पन्नाशीवरील लोकांत अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू आहे. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे दोन तृतीयांश अंधत्व त्यामुळे असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेने ही दृष्टी बहुधा परत मिळते. काचबिंदू निराळा. तो बहुतेकदा दुखत नाही, खुपत नाही, कडेची दृष्टी आधी खातो, मधले दिसत राहते, आणि एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही. त्रास होईल तेव्हा जाऊ, हा हिशेब येथे फसतो. मधुमेह असणाऱ्यांनी तर दरवर्षी डोळ्यांचा आतला पडदा तपासून घ्यावाच.

काचबिंदूचे थेंब रोज, न चुकता टाकावे लागतात. रमजानमध्ये रोजा तुटेल या भीतीने महिनाभर ते थेंब बंद ठेवणारे वृद्ध मी पाहिले आहेत. हनफी आणि शाफई दोन्ही मतांप्रमाणे डोळ्यांत औषध टाकल्याने रोजा तुटत नाही. तरीही मन धजत नसेल तर वेळ सहरी-इफ्तारशी जुळवून देण्यास डॉक्टरांना सांगावे. परंतु थेंब बंद करू नयेत. (कानातल्या थेंबांविषयी मतभेद आहेत, ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावेत.) मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवस डोळ्याला पाणी लावण्यास आणि वाकण्यास मनाई असते, म्हणूनही कित्येक नमाजी ती पुढे ढकलतात. आजाऱ्याला इशाऱ्याने नमाज पढण्याची आणि वजूत सवलत घेण्याची मुभा शरीअतने दिलेली आहे. अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात कोणती परहेजगारी आहे?

एक आक्षेप मात्र आदराने ऐकला पाहिजे. हदीसमध्ये असे शुभवर्तमान आहे की, ज्याच्या दोन प्रिय वस्तू, म्हणजे डोळे, अल्लाहने घेतले आणि त्याने सब्र केला, त्याला जन्नत मिळेल. एका आजीबाईंनी शस्त्रक्रियेला नकार देताना मला हीच हदीस ऐकवली. मी त्यांना याकूब (अ.) यांचीच आठवण दिली. सब्रचा उत्तम आदर्श म्हणून कुरआन ज्यांचा उल्लेख करतो, त्यांच्या चेहऱ्यावर सदरा टाकला गेला तेव्हा त्यांनी तो दूर सारला नाही. जेथे इलाज संपतो तेथे सब्र सुरू होतो. आपल्या पूर्वजांनीही असेच मानले. म्हणून तर इ. स. १००० च्या सुमारास कैरोत अम्मार अल-मौसिली हे नेत्रवैद्य पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची रीत लिहून ठेवू शकले. आजीबाई अजून तयार झालेल्या नाहीत. त्यांच्या सुनेला मी सांगितले आहे की, शस्त्रक्रियेचा विषय बाजूला ठेवा, आधी फक्त तपासणीला न्या.

घरच्या घरी प्राथमिक परीक्षा कुणीही करू शकतो. भिंतीवरचा नमाजच्या वेळांचा तक्ता ठरावीक अंतरावरून एक डोळा झाकून वाचायला सांगा, मग दुसरा झाकून. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याचे उणे झाकून टाकतो आणि वर्षानुवर्षे कळत नाही. कानासाठी त्या नातीने केले तेच करा: पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून, एकेक कान झाकून, हळू आवाजात काही आकडे सांगा. ही परीक्षा डॉक्टरांची जागा घेत नाही; जाण्याचे निमित्त देते. स्त्रियांकडे विशेष लक्ष द्या. चाचा मशिदीत येत होते म्हणून निदान त्यांचे चुकणे चारचौघांच्या नजरेस पडले. स्वयंपाकघरातल्या अम्मीचे कोण पाहणार? स्त्री-डॉक्टर न मिळाल्यास उपचारासाठी पुरुष डॉक्टरकडे जाण्यास गरजेपुरती परवानगी आहे. घरातील कुणीतरी सोबत असावे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. राज्य शासनाच्या २०२४ मधील मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. चष्म्याला ते पुरतील, चांगल्या श्रवणयंत्राला नाही. मुंबईजवळ राहणाऱ्यांनी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करावी. गरजू शेजाऱ्याला जकातीतून यंत्र घेऊन देता येते. स्वतःच्या आई-वडिलांना मात्र आपली जकात लागत नाही; त्यांचा चष्मा आपल्याच खिशातून झाला पाहिजे. हजरत अबू जर (रजि.) यांच्या रिवायतीत सदक्याच्या अनेक प्रकारांत आंधळ्याला वाट दाखवणे आणि बहिऱ्याला समजेल असे ऐकवणे यांचीही गणना आहे.

चाचांनी आता दोन्ही कानांना यंत्रे लावली आहेत. वजूच्या वेळी ती काढून खिशात ठेवतात, कानांचा मसह करून, कान कोरडे करून पुन्हा लावतात. सुरुवातीला पंख्याच्या घरघरीने ते हैराण होत. उजव्या टोकावरून हलवून मी त्यांना माझ्या मागे उभे केले आहे. तरीही गडबड कधीकधी होते. सर्वच ऐकणे परत आलेले नाही. परवा फज्रनंतर मला थांबवून ते म्हणाले, “मौलाना, राग मानू नका. तुम्ही किरात इतकी लांब करता, हे मला दोन वर्षे ठाऊकच नव्हते.”