छेद आणि जीर्णोद्धार

जुन्या वस्तूशी माणसाने कसे वागावे, या प्रश्नाची दोन उत्तरे भारतीय परंपरेला परिचित आहेत. वस्तू आहे तशी जपावी, हे एक. ती जीर्ण झाली असता तिचा उद्धार करावा, हे दुसरे. गेल्या पाव शतकात एका हौशी कारागिरीने या दोहोंत न बसणारे तिसरे उत्तर पुढे आणले आहे. दूरदर्शन संचाला जोडून खेळण्याचे जुने व्हिडिओ गेमचे यंत्र उघडायचे, त्याच्या आतील सर्किट बोर्ड लागेल तेवढाच ठेवायचा, प्रसंगी तो कापायचा, आणि पडदा व बॅटरी यांसह हातात मावणाऱ्या नव्या कवचात बसवून ते पुन्हा चालते करायचे. वरवर पाहता हा फावल्या वेळेचा उद्योग आहे. परंतु वस्तू ‘तीच’ राहते म्हणजे नेमके काय राहते, आणि वस्तूच्या मालकाचे तिच्याप्रती काही कर्तव्य असते काय, हे दोन जुने प्रश्न या उद्योगात विलक्षण स्पष्टपणे उभे राहतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील बेंजामिन हेकेनडॉर्न यांनी २००० मध्ये अटारी २६०० या यंत्राचे असे हाती धरता येणारे रूप घडवले आणि २००५ मध्ये या कारागिरीवर पुस्तकही लिहिले. अटारीचे मूळ यंत्र १९७७ मधले. ते हाती धरण्याजोगे करायचे तर खेळाचे कार्ट्रिज ज्या खाचेत बसते ती खाच मूळ जागेवरून काढून दुसरीकडे न्यावी लागते. तिच्या चोवीस जोडण्यांपैकी प्रत्येकीला स्वतंत्र तार आणि स्वतंत्र डाख द्यावा लागतो. पुढच्या काळातील यंत्रांच्या बाबतीत हौशी कारागीर आणखी पुढे गेले. २००६ मध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या वी या यंत्राचा बोर्ड ते मुख्य चिपांच्या भोवतीने चक्क कापतात. अशा बोर्डात तांब्याचे अनेक थर एकावर एक असतात. कापलेली कड घासून स्वच्छ केली नाही, तर हे थर एकमेकांना चिकटून यंत्र निकामी होऊ शकते. एकदा घेतलेला हा छेद पुन्हा सांधता येत नाही. येथूनच नैतिक प्रश्नाला आरंभ होतो, कारण जे परत फिरवता येत नाही त्याचाच विवेक आधी करावा लागतो.

या कारागिरीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप एका पेचाच्या रूपात मांडता येईल. जुन्या यंत्राचे वर्तन आधुनिक संगणकावर हुबेहूब वठवणारी आज्ञावली, म्हणजे एम्युलेटर, आज सहज उपलब्ध आहे. तिच्या साहाय्याने मूळ यंत्राला हातही न लावता तोच खेळ खेळता येतो. मूळ यंत्राला महत्त्व नसेल, तर ते वापरण्याचे कारण उरत नाही. आणि महत्त्व असेल, तर ते कापण्याचे समर्थन उरत नाही.

या पेचावर कारागिराचे उत्तर असे असू शकते की, महत्त्व यंत्राला आहे; मात्र सगळ्या यंत्राला सारखे नाही. अटारीच्या यंत्रात अवघी १२८ बाइट स्मृती होती. पडद्यावरचे संपूर्ण चित्र साठवण्याची सोय तिच्यात नव्हती. दूरदर्शन संचातील किरण पडद्यावर एकेक रेघ उमटवत जाई, आणि त्या किरणाच्या गतीशी गती जुळवत खेळाच्या आज्ञावलीला चित्र रेघेरेघेने घडवावे लागे. त्या खेळांची रचनाच त्या चिपच्या मर्यादांतून जन्मली. एम्युलेटर या नात्याचे वर्णन करतो, चिप ते नाते प्रत्यक्ष पाळते. म्हणून चिप हे सार, आणि कवच, जोडण्या, वीजपुरवठ्याची व्यवस्था हे सगळे आनुषंगिक. या दृष्टीने पाहिले तर छेद हे एक अर्थनिर्णयन ठरते. कशावाचून वस्तू ती वस्तू राहणार नाही आणि कशावाचून राहील, याचा निर्णय येथे करवतीने केलेला असतो.

सार जपून देह बदलण्याची कल्पना भारतीय मनाला परकी नाही. पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात, जे २०१५ मध्ये झाले, जुन्या काष्ठमूर्तींतील ‘ब्रह्मपदार्थ’ कडुनिंबाच्या नव्या मूर्तींत ठेवला गेला आणि जुन्या मूर्तींना मंदिराच्या आवारातच भूमीत विसावा देण्यात आला. साम्य लक्षणीय आहे, पण भेद अधिक बोलका आहे. तेथे काय सार आणि काय देह हे एका व्यक्तीच्या रुचीवर सोपवलेले नाही. आणि टाकलेल्या देहाचाही मान राखला जातो. कारागिराच्या मेजावर मात्र सार ठरवणारा तो एकटाच असतो, आणि कापून उरलेले तुकडे बहुधा कचऱ्यात जातात.

एकट्याने केलेला हा निर्णय चुकू शकतो, याची साक्ष अटारीचे यंत्रच देते. ज्या किरणाच्या गतीशी त्या चिपचे सारे व्यवहार बांधलेले होते, तो किरण हाती धरण्याच्या रूपातील पातळ पडद्यात नसतोच. चिप वाचली, पण ती ज्याच्याशी बोलत होती तो संवादक गेला. निन्टेन्डो ६४ या १९९६ च्या यंत्राला चौघांनी एकत्र बसून खेळावे म्हणून समोरच चार जोडण्या होत्या. एका माणसाच्या दोन हातांत मावेल असे त्याचे रूप घडवताना बोर्ड टिकतो, चिप टिकते, परंतु एका खोलीत चार जणांनी बसण्याची कल्पना, जी त्या यंत्राच्या घडणीतच होती, ती आनुषंगिक म्हणून गळून पडते. तेराव्या शतकात एका लेखनिकाने आर्किमिडीजच्या ग्रंथांची दहाव्या शतकातील चर्मपत्रे खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. त्याच्या दृष्टीने चर्मपत्र उपयोगाचे होते आणि गणित निरुपयोगी. त्याचे सारासाराचे गणित चुकले; आणि तरीही प्रार्थनाग्रंथ म्हणून वापरात राहिल्यामुळेच ती पाने जपली गेली असण्याचा संभव आहे. वापर नाश करतो आणि वापरच राखतो, हे दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते.

मग छेदाला मर्यादा कोणती? हेकेनडॉर्न यांच्याच कामातून एक दिशा मिळते. सोनी आणि निन्टेन्डो यांच्या सहकार्यातून १९९० च्या दशकारंभी घडलेले, पण बाजारात कधीच न आलेले एक यंत्र २०१५ मध्ये प्रकाशात आले. तो अतिदुर्मीळ नमुना हेकेनडॉर्न यांच्याकडे आला, तेव्हा अटारी उघडून तिला नवे रूप देणाऱ्या याच हातांनी तो जपून उघडला आणि २०१७ मध्ये त्याचा बंद पडलेला सीडीचा भाग दुरुस्त केला. कौशल्य तेच होते. वस्तूचे संख्येतले स्थान मात्र वेगळे होते. वीची दहा कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली. त्यांतील एक, विशेषतः नादुरुस्त झालेले, कापणे आणि हा नमुना कापणे यांत नैतिक अंतर आहे, ते यामुळे.

तथापि संख्येचा हा आधार स्थिर नाही. बहुसंख्य प्रतींपैकी प्रत्येक प्रत नष्ट होत गेली की उरलेलीचे वजन वाढते, आणि विपुलतेच्या भरवशावर केलेला प्रत्येक छेद त्या विपुलतेतूनच काही वजा करतो. छापील पुस्तकांचे असेच झाले आहे. ज्या ग्रंथाच्या हजार प्रती निघाल्या त्याची एकच प्रत एखाद्या ग्रंथालयात सापडते, कारण प्रत्येक मालकाने आपल्या प्रतीला ‘अनेकांतील एक’ मानले. कायद्याने मालकाला आपली प्रत मोडण्याचा अधिकार असतो. त्या प्रतीत सर्व प्रतींचा एक अंश नांदत असतो, आणि त्या अंशाचा तो केवळ विश्वस्त असतो.

या विश्वस्तपणाचे काही व्यावहारिक अर्थ निघतात. चालते यंत्र असताना आधी मोडके घ्यावे. कापण्यापूर्वी काय कापले जाणार आहे याची नोंद करावी आणि ते ज्ञान इतरांना द्यावे. कापलेल्या यंत्राला मूळ यंत्र म्हणवून घेऊ नये. ते त्या यंत्राविषयीचे एका माणसाचे मत आहे, हे त्याच्या रूपातून लपू नये. काचेच्या कपाटात अखंड ठेवलेले, पण कोणी कधीच न खेळणारे यंत्र हेही एक मतच असते. ते देह जपते आणि व्यवहार सोडून देते. या दोन मतांत निवड करण्याची वेळ येते तेव्हा करवत हाती असलेल्याची जबाबदारी अधिक असते, कारण कपाट पुढे कोणालाही उघडता येते.