पाण्यातून निघताना

घर सोडण्याची वेळ आली, हे कोणी कोणाला सांगायचे? आफ्रिकेतल्या झांबेझी नदीकाठच्या लोझी लोकांविषयी वाचताना हा प्रश्न मनात घर करून बसला.

झांबियाच्या पश्चिमेला हे लोक राहतात. मार्च-एप्रिलच्या सुमारास नदी पात्र सोडून सखल मैदानात मैलोन् मैल पसरते. लोझी तिला बोल लावीत नाहीत. मासे तीच देते, गाळ तीच आणते, गुरांचा चाराही तिच्याच कृपेचा. पाणी चढले की जायचे, ओसरले की परतायचे. या जाण्याला ते 'कुओम्बोका' म्हणतात; अर्थ अगदी साधा, पाण्यातून बाहेर निघणे.

आदल्या रात्री नगारे धडाडतात. राजाला तिकडे लिटुंगा म्हणतात. सकाळी तो लेआलुईहून निघतो. त्याची 'नालिक्वांडा' नाव काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची, वर भला मोठा हत्ती, त्याचे कान आतून हलवता येतात. शंभराच्या आसपास माणसे वल्ही मारतात. नावेत विस्तव पेटलेला असतो. धूर दिसला की काठावरच्या रयतेने समजावे, राजा सुखरूप आहे. कित्येक तासांनी उंचावरच्या लिमुलुंगाला नाव लागते, आणि लिटुंगा उतरतो तो इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या पोशाखात! लेवानिका राजा १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला लंडनला गेला होता, तेव्हापासूनची ही परंपरा. साहेब गेला, कोट राहिला. हे सगळीकडेच झाले म्हणा.

जुनी रीत अशी, की राजा निघाल्यावाचून प्रजेने निघायचे नाही. वरवर पाहता हा जुलूमच. अंगणात पाणी आले तरी नगाऱ्याची वाट पाहायची? शिवाय राजाचे दोन्हीकडे वाडे. कोळ्याने मात्र म्हातारी आई, कोंबड्या, गाडगीमडकी एकाच होडक्यात कोंबायची. हे सारे खरे. तरीही 'निघा' म्हणणाऱ्याच्या उंबऱ्याला तेच पाणी लागलेले असते, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

याच नदीवर खाली करिबाचे धरण बांधले गेले. त्यासाठी १९५७-५८ साली ग्वेंबे खोऱ्यातले सुमारे ५७,००० टोंगा लोक हलवले. हुकूम काढणाऱ्यांची घरे कोरडी होती. चिसोमो गाव हटेना, तेव्हा सप्टेंबर १९५८मध्ये पोलिसांच्या गोळीबारात आठ माणसे मेली. तांब्याच्या खाणींना वीज मिळाली, हेही खोटे नाही. पण ते पाणी ओसरणारे नव्हते. टोंगांनी परत कुठे जायचे?

कोणी म्हणेल, पुष्कळांच्या हितासाठी थोड्यांना झळ सोसावी लागते. लागत असेल. पण ते थोडे कोण, हे ठरवणारा त्यांच्यात कधीच कसा नसतो?

२०२४ साली झांबियात भीषण दुष्काळ पडला. पाणी चढले नाही, म्हणून कुओम्बोकाही झाला नाही. पाहुणे येतात, बाजार भरतो, म्हणून कोरड्या मैदानात नाव ओढण्याचा देखावा लोझींनी केला नाही. २०२५ साली पूर आला. पुन्हा नगारे वाजले, नालिक्वांडा निघाली, आणि तिच्या मागोमाग लहानसहान होडकी.