विटेचा रंग आणि गवंड्याची मजुरी

नवे घर उभे राहते, परांची उतरते आणि दर्शनी भिंतीपाशी नजर थबकते. खालचे थर गर्द तांबडे, मधला पट्टा फिकट नारिंगी, वर पुन्हा तांबडे. जन्मभराची पुंजी घालून उभारलेल्या वास्तूला पहिल्याच दिवशी ठिगळ दिसावे, हे दुःख लहान नव्हे. परंतु त्या दुःखाच्या भरात आपण जाब कोणाला विचारतो? बहुधा गवंड्याला. त्याची उरलेली मजुरी अडवून ठेवणे सर्वांत सोपे असते. जे सोपे, ते न्याय्य असते काय?

विटेचा रंग मातीतील लोहावर, आचेवर आणि भट्टीत खेळणाऱ्या हवेवर ठरतो. एकाच भट्टीतील मधल्या व कडेच्या विटाही सारख्या भाजत नाहीत. म्हणून जाणते गवंडी दोन-तीन ढिगांतून आलटूनपालटून विटा घेतात. भेद नाहीसा होत नाही, पण भिंतभर विखुरल्याने डोळ्यांना खुपत नाही. त्यासाठी माल आधी एकत्र यावा लागतो. मालकाने वा ठेकेदाराने तो निरनिराळ्या भट्ट्यांवरून तुकड्यातुकड्याने आणवला असेल, तर गवंड्याने हाती आलेली वीट ओळंब्यात लावली, एवढेच. निवड त्याची नव्हती. सर्व माल समोर असूनही त्याने ढीग मिसळण्याचा आळस केला असेल, तर मात्र दोषाचा वाटा त्याचाही आहे. ज्याच्या हाती निवड, त्याच्या माथी उत्तरदायित्व.

दुसरा विवेक रंग आणि बळ यांचा. फिकट वीट कमी भाजलेली असेल, तर ती केवळ विजोड नव्हे, कमकुवतही असते. दोन पक्क्या विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत नाद येतो. सर्वसाधारण विटेने २४ तास पाण्यात ठेवल्यावर कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे भारतीय मानक सांगते. या कसोटीस न उतरणारा माल पुरवणाऱ्याने बदलून दिला पाहिजे. अशा भिंतीवर गिलावा चढवून घर दुसऱ्याच्या गळ्यात घालणे ही लबाडी होय. पक्क्या विटेवर रंगाचा हात फिरवणे मात्र असत्य नव्हे. त्यात कोणी फसत नाही.

किंवा भिंत आहे तशीच ठेवावी. १९४५ साली भारतात आलेले आणि २००७ साली दिवंगत झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर यांनी केरळात अनेक वास्तू बिनगिलाव्याच्या स्थानिक विटांत उभारल्या. तिरुवनंतपुरमच्या लोयोला विद्यालयातील चॅपेल त्यांचेच. विटांविटांतील फरक त्यांना लपवण्याजोगा वाटला नाही.

आम्हांला वाटते, आधी मजुरी चुकती करावी. भिंतीचा वाद मग घालावा, आणि गवंड्याची चूक असेल तर तीही समोरासमोर बसून ठरवावी. भिंत उतरवून पुन्हा बांधता येते. मजुरी अडल्यामुळे ज्या घरी चूल पेटली नाही, त्या घराला तो दिवस परत देता येत नाही.