गळती

महादेवाच्या पिंडीवर तळाला भोक असलेलं जे तांब्याचं भांडं टांगतात, त्याला आमच्याकडं गळती म्हणतात. न्हाणीतली तोटी बिघडून पाणी ठिबकायला लागलं की तीही गळतीच. दोन्ही अर्थ लहानपणापासून माझ्या तोंडात होते. पण एका गळतीनं पुण्य लागतं आणि दुसरीनं पाणी वाया जातं, मग दोघींना शब्द एकच कसा, हा प्रश्न मला वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पडला. तोही न्हाणीत पाटावर बसून, हातात पान्हा धरून.

माझं घर तामलवाडीत, सोलापूर-तुळजापूर रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर. मुलं पुण्याला, मी इथं शिवणकाम करते. न्हाणीतली तोटी बरेच महिने ठिबकत होती. मुलगा फोनवर म्हणायचा, "आई, प्लंबर बोलव." पण एवढ्याशा कामाला सोलापूरहून कोण येणार, आणि आला तर येण्याजाण्याचेच पैसे जास्त. एका रात्री दहाला मी तोटीखाली पंधरा लिटरची बादली लावली. पहाटे सहाला बघितली तर निम्मी भरलेली. म्हणजे दिवसाला बावीस लिटर, वर्षाला आठ हजार. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. माझ्यासारखी साठेक घरं वर्षभर अशीच ठिबकत राहिली, तर ती अख्खी गाडी मोरीतून वाहून जाते. हा हिशेब मी कपड्यांची मापं लिहायच्या वहीत मांडला आणि त्याच दिवशी पान्हा शोधायला लागले.

टाकीचा कॉक बंद केला. पितळेवर ओरखडे नकोत म्हणून तोटीला फडकं गुंडाळलं आणि वरचा भाग फिरवून सोडवला. आतली दांडी हातात आली, तिच्या बुडाशी काळा रबरी वायसर. त्यावर गोल खाच पडलेली, सुरीनं कापल्यासारखी. ती खाच माझ्याच हातची होती. तोटी ठिबकायला लागली तशी मी ती रोज आदल्या दिवसापेक्षा घट्ट आवळत गेले. जेवढी आवळली तेवढी आतली पितळी कड रबरात रुतली, आणि तेवढं पाणी जास्त सुटलं. दहा रुपयांचा नवा वायसर आणला. पितळी कडेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा खार बसला होता, त्यावर लिंबाची फोड चोळली. बारीक बुडबुडे आले आणि खार सुटला. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे दिले, आटे ज्या बाजूनं आवळतात त्याच बाजूनं. उलटे दिले तर तोटी बसवताना टेप गोळा होऊन बाहेर येते. पहिल्यांदा तसंच झालं, दुसऱ्यांदा जमलं.

टेप गुंडाळताना वडिलांची, आप्पांची आठवण झाली. माझं माहेर अक्कलकोटकडचं, लिंगायत घर. श्रावणी सोमवारी गावच्या देवळात गळती लावायचं काम आप्पांकडं असायचं. भांड्याच्या भोकात ते सुताची वात ओवायचे. थेंब जाड पडायला लागला तर धागा वाढवायचे, अडला तर धागा काढायचे. तळहात खाली धरून थेंब अंगठ्यावर घ्यायचे आणि मगच मनाजोगतं झालं म्हणून बाजूला सरायचे.

हे मी थोरल्या भावाला सांगितलं. तो लिंगपूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाही. तो म्हणाला, "अगं, गळतीतलं पाणी संकल्पानं पडतं. तुझ्या तोटीतलं नुसतं सांडतं. या दोन्हीला एका मापानं कसं मोजतीस?"

त्याचं म्हणणं मी बरेच दिवस मनात घोळवलं. ते खोटं नाही. संकल्प नसेल तर अभिषेकही पाणी ओतणंच आहे. पण संकल्प म्हणजे काय? हातावरून पाणी सोडून मंत्र म्हटला की तो क्षणभरात सोडून होतो. आप्पांचा दिवस पुढं सुरू व्हायचा. भांडं रिकामं तर झालं नाही, थेंब पिंडीच्या मधोमध पडतोय ना, पन्हळीतून गेलेलं पाणी बाहेरच्या बेलाच्या बुडाशी पोचतंय ना, हे संध्याकाळपर्यंत ते बघत राहायचे. संकल्प सोडल्यावर तो राखावा लागतो, आणि राखतो तो लक्ष ठेवणारा माणूस. माझ्या तोटीचं पाणी वाया जात होतं, कारण त्या थेंबाकडं बघणारं कोणी नव्हतं. मी घरात असून बघत नव्हते. भाऊ म्हणतो तो फरक पाण्यात नव्हता, माझ्यात होता. वायसर बदलला म्हणून मोरीची पिंड झाली असं मी म्हणत नाही. पण ज्या लक्षानं आप्पा वात ओवायचे तेच लक्ष मला तोटीला द्यावं लागलं, त्याहून निराळं काही माझ्याजवळ नव्हतं.

कामात पूजा बघणं आमच्या लिंगायतांत नवं नाही. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांनी आणि त्यांच्यासोबतच्या शरणांनी पोटाच्या कामाला कायक म्हटलं आणि त्यालाच पूजेचा मान दिला. आमच्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांनी तळं खणवलं, ते आजही देवळाला वेढून आहे. आप्पा त्या शरणांतल्या नुलिय चंदय्यांची गोष्ट सांगायचे. ते गवत कापून त्याचे दोर वळून विकायचे. एकदा गवत कापताना त्यांच्या गळ्यातलं लिंग पाण्यात पडलं, तर ते उचलायलाही थांबले नाहीत, काम करत राहिले. शेवटी लिंगच त्यांच्या मागं चालत आलं म्हणे.

ही गोष्ट सांगणाऱ्या आप्पांच्याच घरी मोरी साफ करायला एक बाई यायच्या. मागच्या दारानं यायच्या, मागच्या दारानं जायच्या. त्यांचा चहाचा कप वेगळा, परसातल्या कोनाड्यात पालथा घातलेला. तो कप मी रोज बघत होते आणि आप्पांना कधी विचारलं नाही. आता ते नाहीत, त्या बाईही नाहीत. म्हणून मोरी घासणं ही पूजा आहे असं लिहिताना माझा हात अडखळतो. माझी मोरी मी आपखुशीनं घासते, तेव्हा तिला पूजा म्हणायला माझं काही जात नाही. जिच्या गळ्यात ते काम जन्मानंच अडकवलं, तिला 'हीच तुझी पूजा' सांगणं हा अधर्म आहे. शरणांनी कामाला मान दिला तो करणाऱ्याला मान देण्यासाठी. आम्ही गोष्ट ठेवली आणि कप कोनाड्यातच राहू दिला.

तोटीचं काम झाल्यावर फरशीकडं वळले, त्याला कारण घडलं होतं. दसऱ्यानंतर तुळजाभवानी मंचकी निद्रा घेते आणि कोजागरीला पुन्हा सिंहासनावर येते. त्या पौर्णिमेसाठी सोलापूरहून, कर्नाटकातून माणसं या रस्त्यानं चालत जातात. आमच्या ओट्यावर बरीच जणं टेकतात. आदल्या वर्षी हात-पाय धुवायला गेलेली एक म्हातारी मावशी माझ्या न्हाणीत घसरली. ठिबकणाऱ्या पाण्यानं शहाबादीवर शेवाळ धरलं होतं. मनगट मुरगळलं, फडकं बांधून ती तशीच पुढं चालत गेली. आईच्या दर्शनाला निघालेलं माणूस माझ्या दारात पडलं, त्या रात्री मला झोप लागली नाही.

ब्लीचिंग पावडरनं शेवाळ घासलं. लिंबाचा हात त्या दिवशी तिथं लावला नाही, कारण ब्लीचिंग आणि आंबट एकत्र आलं की विषारी वायू सुटतो. मधल्या दोन फरश्या दबल्या होत्या, पाणी तिथंच साचायचं. त्या उचकटल्या, खाली सिमेंट-वाळूचा माल टाकून पुन्हा बसवल्या, सांधी भरल्या. ढाळ बरोबर आलाय का ते बघायला नातवाची काचेची गोटी दाराशी ठेवली. पहिल्या दिवशी ती मध्येच थांबली. फरशी परत उचलली. तिसऱ्या खेपेला गोटी दारापासून निघाली आणि जाळीवर जाऊन टक्कन अडली. ती मी पाच-सहा वेळा सोडून बघितली.

यंदा कोजागरीच्या आदल्या दुपारी विजापूरकडच्या चार बायका ओट्यावर टेकल्या. त्यांतल्या एका आजींनी न्हाणीत पाय धुतले आणि तोटी बंद करताना दोन्ही हातांनी जोर लावला, आमच्या पिढीच्या सगळ्या बायका लावतात तसा. मी दारातून कन्नडमध्ये म्हणाले, "आजी, एवढं आवळू नका. नुसती टेकवा, बंद होतीय." त्यांनी हात सैल केले आणि वाकून तोटीच्या तोंडाकडं बघत राहिल्या, थेंब येतोय का ते.