दोन नावांचं गोंदण

आपल्या माणसाचं नाव अंगावर गोंदवून घ्यायचं, यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. अंग आपलं, कळ आपण सोसायची, पैसेही आपलेच. पण नाव आपलं नसतं. ते दुसऱ्याचं असतं, आणि ते माणूस गेलेलं असेल तर त्याला विचारण्याची सोयही उरत नाही. आमचं गाव आणि आजीचं नाव मनगटाच्या वर गोंदवायचं मी ठरवलं, तेव्हा हा प्रश्न समोर आला.

गावाचं सोपं होतं. आमचं गाव वाई. कृष्णाकाठी ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. नदी चढली की पाण्याचा लोंढा त्या भिंतीवर दुभंगावा आणि देवळाच्या दोन्ही अंगांनी निघून जावा, अशी ती योजना. लोंढा अडवायचा नाही, त्याला वाट द्यायची. बंगळुरात राहून मला गावाची जी खूण हवी होती ती हीच: एका टोकाला मिळणाऱ्या दोन रेषा.

अडलं ते आजीच्या नावापाशी. कारण तिला दोन नावं होती.

तिचं माहेर कोकणातलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले गेले, त्यात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं, आणि त्या दिवसापासून आधीच्या नावानं तिला हाक मारणारे फक्त तिचे भाऊ उरले. तांदूळ गोळा केले की अक्षरं मोडतात. नाव मात्र जन्माला पुरतं. रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात, शेवटी दाखल्यावरही तेच आलं. ज्याला मी ‘माझं गाव’ म्हणतो, त्या गावाची तिच्याकडून घेतलेली पहिली गोष्ट म्हणजे तिचं नाव. मी पुरुष, माझं गाव आयुष्यभर एकच राहतं. तिला मात्र ‘तुमचं गाव कुठलं’ या प्रश्नाला आधी ‘माहेरचं की सासरचं’ असं विचारावं लागे. मग गाव आणि आजी एकाच चित्रात गोंदवणं हा तिचा सन्मान, की तिला पुन्हा एकदा सासरी नांदायला पाठवणं?

गोंदणाचा इतिहास इथे थोडी मदत करतो. हिंदीत गोदना, तेलुगूत पच्चबोट्टु, तमिळमध्ये पच्चै, गुजरातीत छूंदणां: देशभर ही खूण आहे, पण तिचा अर्थ ती कोणाच्या इच्छेनं उमटली यावर ठरतो. कंपनी सरकारच्या काळात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला जाई. ती शिक्षा १८४९ साली बंद झाली. उलट, छत्तीसगडमधल्या रामनामी समाजानं, देवळात पाऊल ठेवू न देणाऱ्यांना उत्तर म्हणून, सर्वांगावर रामाचं नाव गोंदवून घेतलं. सुई तीच, शाई जवळजवळ तीच. एका ठिकाणी माणूस दुसऱ्याच्या ताब्यात जातो, दुसऱ्या ठिकाणी स्वतःच्या.

आजीचं गोंदण या दोन्हींच्या मधलं. हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन. लहानपणी, माहेरच्या अंगणात, गोंदणाऱ्या बाईनं काढलेलं. तिला कुणी विचारलं नसणार. पण ती शिक्षाही नव्हती. बाई मेली की दागिने, लुगडी इथंच राहतात, गोंदण तेवढं बरोबर जातं, असं ती म्हणे. माहेरून आणलेल्या सगळ्यांत न बदलता राहिलेलं तेवढंच होतं.

माझ्या एका मित्राचं म्हणणं असं की मग माहेरचं नाव गोंदव, हिशेब पुरा होईल. हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यात एक गृहीत आहे. दुसरं नाव तिला जाचत होतं, हे मला कुठे ठाऊक आहे? त्याच नावानं तिनं भाजीवाल्याशी भांडण केलं, हळदीकुंकवाला बायका जमवल्या, तीन मुलं वाढवली. तिनं तक्रार केली नाही म्हणून ती राजी होती असं म्हणणं जितकं चुकीचं, तितकंच तिच्या वतीनं तक्रार गोंदवून ठेवणंही. मेलेल्यांचा मान राखायचा म्हणजे त्यांच्या तोंडी आपली वाक्यं न घालणं, हे निदान कबूल करायला हवं.

म्हणून मी एवढंच गोंदवून घेतलं जे मला खात्रीनं माहीत आहे. देवळाच्या भिंतीच्या दोन रेषा, आणि दोन्ही अंगांना एकेक नाव. एकाच बाईची दोन नावं, मध्ये गाव. कोणतं खरं, याचा निवाडा त्यात नाही.

पुतळा किंवा रस्त्याला दिलेलं नाव आपल्यामागे राहतं आणि पुढच्यांना न विचारता त्यांच्यावर पडतं. गोंदणाचं तसं नाही. ते माझ्याबरोबर जळून जाईल. कुणाला त्याचा मान राखावा लागणार नाही, की ते खोडावंही लागणार नाही. परवानगी न घेता कोरलेल्या नावाला इतपत मुदत असणं मला रास्त वाटतं.

लोक हात बघून विचारतात, या दोघी कोण? एकच, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: मग दोन नावं का? या प्रश्नाचं उत्तर द्यायला माझ्या गावाला कधी कुणी लावलं नव्हतं. आता निदान मला ते दर वेळी द्यावं लागतं.