परवानगी मिळाली, ऋण फिटले काय?

झाड तोडावे की तोडू नये, असा सवाल केला तर भाविक माणूस चटकन म्हणेल, "छे, तोडू नये." अहो, पण इतके सोपे असते तर वाद कशाला झाला असता? माणसे वाढली; त्यांना घर पाहिजे, रस्ता पाहिजे, दवाखाना पाहिजे. आज जो बांधकाम करणाऱ्याला बोल लावतो, त्याचेही घर कदाचित कुणा झाडाच्याच जागेवर उभे असेल. तेव्हा दुसऱ्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटायचा नाही.

आपल्या राज्यातील शहरांसाठी याविषयीचा कायदा १९७५ साली झाला. त्यान्वये पालिकेचे वृक्ष प्राधिकरण असते. झाड तोडायचे तर परवानगी मागावी लागते. वृक्ष अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहावे, वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि तीच सूचना त्या झाडावरही लावावी, असा नियम आहे. २०२१ साली यात दुरुस्ती झाली. ५० वर्षे वा त्याहून जुने झाड 'वारसा वृक्ष' ठरले, आणि तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी रोपे लावावीत असे ठरले.

अशा नियमांवर सभेत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "जमीन माझी, कर मी भरतो, एका झाडापायी माझे घर का अडावे?" दुसरा म्हणतो, "जमीन तुझी खरी, पण सावली गावाची आहे." खरे पाहता दोघेही अगदीच चुकीचे बोलत नाहीत.

८० वर्षांच्या वडाबद्दल ८० रोपे, हा हिशेब कागदावर चोख आहे. पण रामभाऊंकडून उसने आणलेले धान्य परगावच्या गोविंदरावांना नेऊन दिले, तर रामभाऊंचे फिटले काय? वडाखाली बसणारी भाजीवाली, त्याच्या फळांवर जगणारी पाखरे, हे खरे धनको. दूरच्या टेकडीवर लावलेली रोपे त्यांचे देणे कसे फेडणार? शिवाय ८० रोपे एक वर्ष वाढली म्हणजे ८० वर्षांची सावली होत नाही. काळ असा वाटून घेता येत नाही.

मुंबईच्या आरे वसाहतीत काय झाले ते आठवा. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑगस्ट २०१९ मध्ये पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली. पण तोवर २,००० हून अधिक झाडे आडवी झाली होती. न्यायालय हात थांबवू शकते, पडलेले झाड उभे करू शकत नाही. मेट्रोही लोकांच्याच सोयीची, हे खरे. म्हणूनच जे परत येणार नाही, त्याचा विचार घाईने करू नये.

आपण वारकरी. दिवेघाट चढून आलेल्या पायांना सावलीचे मोल शिकवावे लागत नाही. आळंदीस गेलो की माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्षाला हात जोडतो. पण आपल्याच नाक्यावरच्या झाडाला सूचनेचा कागद डकवलेला असतो, तो वाचायला मात्र थांबत नाही. मग झाड पडले की हळहळतो! ही हळहळ फुकाची नव्हे काय?

तेव्हा तो कागद वाचावा. तोडण्याचे कारण पटले नाही तर मुदतीत लेखी हरकत द्यावी. कारण खरे असेल, झाड रोगट वा जिवाला धोक्याचे असेल, तर उगाच आडवे येऊ नये. आणि आपल्याच घरासाठी झाड जाणार असेल, तर रोप शक्यतो त्याच आळीत लावून आपल्या हाताने पाणी घालावे. परवानगीचा कागद दंड चुकवील; ऋण चुकवणार नाही. ते ज्याचे त्यानेच फेडायचे असते.