टीव्हीसमोरची साक्ष

३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईत भारत पाकिस्तानकडून १२ धावांनी हरला, तरी प्रेक्षकांनी उभे राहून पाहुण्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्या दिलदारीचे कौतुकच झाले. तीच टाळी चंद्रपूर-गडचिरोलीच्या एखाद्या मोहल्ल्यात वाजली तर?

२०११च्या विश्वचषकात श्रीरामपूरच्या झहीर खानने २१ बळी घेतले, तेव्हा तो सर्वांचा होता. २०२१मध्ये दुबईत सगळा संघ हरला. शिव्या मात्र मोहम्मद शमीला पडल्या.

मग आपण जल्लोष करून निष्ठा सिद्ध करत राहायचे काय? भीतीपोटी वाजवलेली टाळी खोटी साक्षच. भारत जिंकावा ही दुआ मनापासून असू द्या; पण चांगल्या चेंडूला चांगला म्हणणे हा इन्साफ आहे. मुलांना तो टीव्हीसमोरही शिकवता येतो.